दोन उजव्या दांड्या

आपलं पुस्तक लोकांच्या उपयोगी पडावं अशी माझी फार इच्छा होती. ती पूर्ण झाली. फक्त उपयोग कसा करायचा हे लोकांनी मला विचारून ठरवलं नाही, एवढंच.

पुस्तकाचं नाव 'सविनय सादर : पत्रांचे एकशे एक नमुने'. आवक-जावकच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार? कुणी कादंबरी लिहितो, मी रजेचा अर्ज लिहितो. पण असा लिहितो, की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाला रजा नाही दिली तर आपल्याला पाप लागेल. असे एकशे एक नमुने, जाड पुठ्ठा, पक्की शिवण, आणि मागच्या बाजूला माझा फोटो. हनुवटीवर हात, नजर दूर कुठंतरी. प्रती बऱ्याच काढल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच आमच्या दिवाणाखाली सुखरूप होत्या.

तर त्या दिवशी ऑफिसातून येताना फाटकातून सहज वर बघितलं. तिसरा मजला, आमची बेडरूमची खिडकी, आणि खिडकीत मी. उलटा. पल्ला आणि चौकट यांच्या फटीत कोंबलेला, हनुवटीवर हात, नजर दूर. माझ्या कपाळावर कबुतर बसलेलं नव्हतं. बसून, काम आटोपून गेलेलं होतं.

मी तीन जिने एका दमात चढलो.

"हे काय आहे?"

"खिडकी," बायको म्हणाली.

"खिडकीत काय आहे?"

"अहो, डाव्या पल्ल्याचा आकडा तुटला. सकाळपासून नुसती धाडधाड आपटतेय. आधी लाटणं लावून बघितलं, ते घरंगळतं. मग तुमची चप्पल लावली, ती गेली खाली."

"म्हणजे चपलेनंतर माझं पुस्तक?"

"चप्पल हलकी पडली हो."

"घरात दुसरी पुस्तकं नव्हती?"

"आहेत की. पण ती वाचायची आहेत."

 मग मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "तू माझं पुस्तक वाचलंयस का गं कधी?"

"अर्पणपत्रिका वाचलीय."

"ती तुलाच आहे."

"म्हणून तर वाचली."

खरं सांगतो, परीक्षकांनी दुर्लक्ष केलं तेव्हा मी सहन केलं. वाचनालयानं प्रत 'जागेअभावी' परत पाठवली, तेही सहन केलं, कारण त्यांचं पत्र योगायोगानं माझ्या नमुना चौतीससारखंच होतं. पण हे लागलं. बायकोला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती जरा नरमली. नरमली म्हणजे तिनं पैज लावली.

"हे बघा, नवीन आकडा तुम्ही स्वतः बसवा. स्वतः म्हणजे स्वतः. सुताराला बोलवायचं नाही, वॉचमनला हाक मारायची नाही. खिडकी नीट उघडली आणि नीट बंद झाली, की मी पुस्तक वाचते. पहिल्या नमुन्यापासून एकशे एकाव्यापर्यंत. नाही जमलं, तर पुस्तक आहे तिथंच बरं आहे."

"दोन दिवसांत बसवतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर दोनदाच बोललोय. पहिल्यांदा कशाबद्दल ते इथं नको.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरात स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघाला की वरच्या मजल्यावरचे ओळंबाकाका खाली येतात. बांधकाम खात्यातून निवृत्त. खिशात रुमाल नसेल, पण भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा असतो. एकदा आमच्याकडे चहाला आले, तर आधी टीपॉयवर पाणसळ ठेवून बघितली आणि बुडबुडा मध्ये आल्यावरच कप ठेवला. त्यांनी खिडकी बघितली, पल्ला दोनदा हलवला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

"आकडा? अरे, आता आकडा कोण लावतं? आकडा म्हणजे खिडकी एकाच कोनात उघडी. वारा काय तुझ्या कोनात येतो?"

"मग काय लावू, काका?"

"दांडी लाव. भोकांची. हातभर लोखंडी पट्टी असते, तिला ओळीनं पाच भोकं. एक टोक पल्ल्याला. चौकटीवर एक खुंटी. जितकी खिडकी उघडी हवी तितकं भोक खुंटीत अडकवायचं. थोडी उघडी, अर्धी उघडी, सताड उघडी. पाच भोकं, पाच मतं. लोकशाही आहे."

मग त्यांची नजर फटीतल्या पुस्तकावर गेली. त्यांनी ते ओढून काढलं, खिशातून पट्टी काढली आणि जाडी मोजली. मग दुसऱ्या बाजूनं मोजली.

"चौपन्न मिलिमीटर. दोन्हीकडं सारखी! कोपरे बघ, काटकोनात. शिवण बघ. असं पुस्तक आजकाल होत नाही."

 पुस्तकावरचा हा पहिलाच जाहीर अभिप्राय. "आतला मजकूर चाळलात का, काका?"

"त्यानं जाडीत काय फरक पडणार?" काका म्हणाले आणि मला परत उलटा कोंबून वर गेले.

हार्डवेअरच्या दुकानात मी छाती पुढं काढून गेलो. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. आजवर त्याला तो चष्मा डोळ्यांवर लावलेला कुणी बघितलेला नाही.

"भोकांची दांडी द्या. खिडकीची."

"डावी की उजवी?"

दांडीला डावं-उजवं असतं हे मला नवीन होतं. पण सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस 'माहीत नाही' म्हणत नाही. "डावी," मी म्हणालो.

"आतून डावी की बाहेरून डावी?"

"बाहेरून कोण बघणार? तिसरा मजला आहे."

"दांडीच्या टोकाला एका बाजूला वाक असतो, साहेब. वाक चुकला की खिडकी फसली. पल्ला बाहेर उघडतो ना? मग बाहेरून बघून सांगा, मी उलट बाजूची देतो."

आता तिसऱ्या मजल्याच्या बाहेर हवेत उभं राहून घराकडं बघण्याचा मला अनुभव नव्हता. मी डोळे मिटले, कल्पनेनं बाहेर गेलो, वळलो, खिडकी बघितली. डावा पल्ला बाहेरून उजवा दिसला. "बाहेरून उजवी," मी ठामपणे म्हणालो. त्यानं 'बाहेरून' गाळून 'उजवी' तेवढं ऐकलं. घरी येऊन दांडी पल्ल्याला लावून बघितली, तर वाक थेट ग्रिलकडं तोंड करून बसलेला. आमचं ग्रिल खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे उजवी होती. म्हणजे चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दुकानदारानं डोक्यावरच्या पाटीकडं बोट केलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्यात 'कृपया' नव्हतं. नमुना बावीसमध्ये हीच पाटी मी इतकी गोड लिहिलीय, की माल परत द्यायला आलेला माणूस आणखी दोन वस्तू घेऊन जाईल. पण ते असो.

"बरं, मग एक डावी द्या," मी म्हणालो. "आतून डावी."

"आतून म्हणजे कुठून? काल बाहेरून म्हणालात." त्यानं क्षणभर विचार केला. "असं करा, साहेब. तुम्ही खिडकी व्हा."

"काय?"

"खिडकी व्हा. मी घरात आहे. तुम्ही असे समोर उभे राहा. दोन हात म्हणजे दोन पल्ले. आता बिघडलेला पल्ला उघडा."

मी दुकानाच्या मधोमध उभा राहिलो. दोन्ही हात छातीशी बंद केले. मग डावा हात उघडला.

"हा हात तुमचा डावा," दुकानदार म्हणाला, "पण माझा उजवा. आणि घरात मी आहे."

"मग मी हा उघडतो." मी डावा बंद करून उजवा उघडला.

"आता बाहेरच्यांना तो उजवा दिसणार."

"बाहेर कोण आहे?"

"मी आहे," मागून एक बाई म्हणाल्या. त्या नळाच्या वॉशरसाठी थांबल्या होत्या. "अहो, पण मुळात खिडकीचं तोंड कुठल्या बाजूला असतं?"

 प्रश्न खोल होता. एक प्लंबर म्हणाला, खिडकीचं तोंड बाहेर. रंगाचा डबा घ्यायला आलेला एकजण म्हणाला, छे, पडदे आत असतात म्हणजे तोंड आत. वॉशरवाल्या बाई म्हणाल्या, "बाहेरच बघणार ना खिडकी! घरात काय बघायचंय तिला?" सगळे मला वळवून बघू लागले. दुकानदारानं मला खांद्याला धरून फिरवलं, बाईंनी परत उलटं फिरवलं. मी डावा पल्ला उघडा ठेवून दाराकडं तोंड केलं, आणि दारात आमचे साहेब उभे होते.

साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे मोठे साहेब. बल्ब घ्यायला आले असावेत.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"सर," मी हात तसाच ठेवून म्हणालो, "मी खिडकी आहे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, उघड्या हाताकडं बघितलं, त्या हाताखालून वाकून काउंटरपाशी गेले, बल्ब घेतला आणि परत हाताखालूनच निघून गेले. जाताना फक्त एवढंच म्हणाले, "उद्या रजा हवी असेल तर घ्या."

त्यानंतर माझ्या हातात काय दिलं, मी काय घेतलं, मला काही आठवत नाही. बाहेर पडताना दुकानदार पुटपुटला ते तेवढं ऐकू आलं. "माझ्या दोन जोड्या फोडल्या यांनी."

घरी येऊन पुडी सोडली. दुसरीही उजवी.

तिसऱ्यांदा त्या दुकानात जाणं शक्य नव्हतं. ऑफिसात आधीच "जरा बंद व्हा हो, वारा येतोय" सुरू झालं होतं. मग मी बुद्धी वापरली. उजवी वस्तू उलटी केली की डावी होते. हातमोज्याचं होतं. (दांडीचं होत नाही. पण हे कळायला रविवार उजाडावा लागला.)

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात सुतार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. कानावर पेन्सिल, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

"साहेब, ते दांडीचं जरा—"

"नको!" मी ओरडलो, कारण बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"साहेब, ऐकून तर घ्या, माझ्याकडं—"

"एक शब्द नाही! मी स्वतः करतोय. सगळं. स्वतः!"

मी दार लावून घेतलं.

"काय म्हणत होता बिचारा?" बायकोनं विचारलं.

"काम मागत होता. यांना वास येतो कुणाच्या घरात काय मोडलंय त्याचा."

रविवारी सकाळी नऊला मी कामाला लागलो. दांडी बाहेरच्या पल्ल्याला बसवायची आणि माणूस घरात. म्हणजे ग्रिलच्या चौकोनातून हात बाहेर काढून, मनगट वाकवून, न दिसणाऱ्या ठिकाणी स्क्रू फिरवायचा. ग्रिलचा चौकोन असा मापाचा होता, की रिकामा हात बाहेर जाई, पण मूठ वळली की परत आत येईना. पाच मिनिटं मी स्क्रू ड्रायव्हरसकट बाहेर अडकून होतो. बायको म्हणाली, "सोडा तो." मी म्हणालो, "हत्यार सोडत नसतात." मग खांद्यात कळ आली आणि सोडलं.

स्क्रू ड्रायव्हर तीन मजले खाली गेला आणि सेक्रेटरींच्या गुलाबाच्या कुंडीत, नेमका बुंध्याला खेटून, सरळ रुतला. वरच्या खिडकीतून ओळंबाकाकांचा आनंदी आवाज आला. "वा! एकदम ओळंब्यात!"

खाली जाऊन तो उपटून आणला. सोबत गुलाबाची एक कळीही आली, ती मी खिशात लपवली. मग ग्रिलमुळं हातोडी डाव्या हातात धरून आधी खिळ्याची खूण करावी म्हटलं, तर खूण माझ्या उजव्या अंगठ्यावर झाली. अंगठा सुजून भोपळी मिरचीसारखा झाला. तरी मी थांबलो नाही. दांडी उलटी धरली, चार स्क्रू आवळले, आणि चौथा तर इतक्या जिद्दीनं आवळला, की त्याची खाच गुळगुळीत होऊन डोकं नाण्यासारखं चकचकीत झालं. खुंटी बसवली. पल्ला सताड उघडला, भोक खुंटीत टाकलं.

पल्ला जागचा हलेना. वारा आला, गेला. पल्ला परेडमध्ये उभ्या असलेल्या शिपायासारखा ताठ.

"अगं, ये बघायला!"

बायको आली. बघितलं. "छान," ती म्हणाली. मला तिचा 'छान' सगळीकडून तपासून घ्यायची सवय आहे, पण हा खरा होता. "आता बंद करून दाखवा."

मी भोक खुंटीतून काढलं आणि पल्ला ओढला. खण्ण. दांडीचा वाक ग्रिलच्या गजावर आपटला. परत ओढला. खण्ण. हळूच ओढला, झटकन ओढला, ओढत नाही असं दाखवून अचानक ओढला. खण्ण. स्क्रू काढायला गेलो, तर गुळगुळीत डोक्यावर ड्रायव्हर नुसता गोल गोल नाचत होता.

"हे बघ," मी कपाळ पुसून म्हणालो, "खिडकी उघडी ठेवायला दांडी आणली. दांडीनं खिडकी उघडी ठेवली. यात चूक काय?"

"उघडली आणि बंद झाली, असं ठरलं होतं," न्यायाधीशांनी निकाल दिला आणि माझं पुस्तक उचललं. ते खिडकीतून तर सुटलं होतं. आता ते फडफडणाऱ्या पडद्यावर दाबायला ठेवण्यात आलं. यावेळी सुलटा होतो, पण पडद्याचं वजन म्हणून होतो.

मी हताश होऊन ग्रिलला टेकलो, तर खाली रस्त्यावर सुतार उभा. वर बघत होता. माझ्याकडं बघून त्यानं दोन्ही हात वर केले आणि एकावर एक आडवे-तिडवे फिरवून दाखवले. इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. माझ्या खिडकीची नक्कल! भर रस्त्यात! मी ग्रिलमधून सुजलेला अंगठा हलवला. "नको म्हटलं ना! कळत नाही का?" तो मान हलवत गेला.

आता उघड्या खिडकीसोबत राहायचं म्हणजे काय, हे सांगतो. समोरच्या शाळेचा बॅंड आमच्या बेडरूममध्ये सराव करायला लागला. शेजारच्या वहिनींचा उशीचा अभ्रा दोनदा आमच्या पलंगावर येऊन पडला, आणि तिसऱ्यांदा वहिनी "राहू दे, परत येईलच" म्हणाल्या. कबुतरांचं एक जोडपं येऊन कपाटावर जागा बघून गेलं. संध्याकाळी ते काड्या घेऊन आलं.

बुधवारी सोसायटीची नोटीस आली. लिफाफा उघडला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागलो.

'विषय : सदनिका क्रमांक तीनशे चार यांचा खिडकीचा पल्ला काटकोनात उघडा राहत असल्याबाबत. महोदय, आपल्याविषयी असलेला स्नेह यत्किंचितही कमी न होता सविनय सादर करण्यात येते की...'

हा नमुना सतरा! 'शेजाऱ्यास पहिली ताकीद (स्नेह कायम ठेवून)'. शब्द न् शब्द माझा! सेक्रेटरींना मी प्रत भेट दिली होती, तेव्हा त्यांनी ती काखेत मारून "बघतो" म्हटलं होतं. आणि त्यांनी खरंच बघितलं होतं!

"वाचलं!" मी ओरडलो. "कुणीतरी वाचलं!"

"अहो, नोटीस आहे ती. तुम्हालाच आहे."

"हो, पण काय बांधेसूद आहे!" मी खिशातून लाल पेन काढलं आणि डाव्या हातानं कसाबसा एका ठिकाणी त्यांचा राहिलेला स्वल्पविराम दिला. मग मजकूर वाचला आणि खाली बसलो. आरोप तीन होते. एक, इमारतीच्या दर्शनी भागाच्या एकसारखेपणाला बाधा. दोन, सेक्रेटरींच्या कुंडीत अवजार आढळणं. तीन, एक कळी. शनिवारी पार्किंगमध्ये सभा होती आणि लेखी उत्तर तिथं सादर करायचं होतं.

लिहिणार कसं? अंगठ्याला एवढं बॅंडेज, की पेन धरायला जागा नाही.

"तू लिही," मी बायकोला म्हणालो. "नमुना अठरा बघ. 'ताकिदीस उत्तर'."

"म्हणजे मला पुस्तक वाचावं लागणार."

"फक्त अठरावा. हा पैजेत धरायचा नाही."

तिनं पडद्यावरचं पुस्तक उचललं, फडक्यानं माझं कपाळ पुसलं आणि खुर्चीत बसली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मग आतून हसण्याचा आवाज आला. माझ्या पुस्तकात विनोद नाही. मी घाबरून आत गेलो.

"काय झालं?"

"एकोणचाळिसावा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "'सासऱ्यांस, मुक्काम वाढवल्याबद्दल आनंद व्यक्त करणारे पत्र (संक्षिप्त)'! हे माझ्या बाबांना लिहिलेलं ना?"

"ते आपलं नमुना म्हणून..."

"संक्षिप्त! दोन ओळी! त्यातली एक रेल्वेचं वेळापत्रक!" ती पोट धरून हसली. मग एकदम भानावर आली आणि पुस्तक मिटलं. "अठरावा बघताना चुकून पान उलटलं. बाकीचं दांडी बसल्यावर." पण मिटताना तिनं आत बोट ठेवलं होतं. मी बघितलं. "अहो," जरा वेळानं ती म्हणाली, "जरा लवकर बसवता का ती?"

सभेला सगळी बिल्डिंग आली. आरोप खिडकीचा असला, की लोक जास्त येतात, कारण प्रत्येकाला खिडकी असते. सेक्रेटरींनी नोटीस वाचली. लाल स्वल्पविरामापाशी थांबून माझ्याकडं बघितलं. मी मान लववली. मग बायको उभी राहिली आणि उत्तर वाचू लागली. सुरुवात अठराव्याची होती. विनम्र, पण ठाम. शेवटचं वाक्य मात्र कुठल्याच नमुन्यात नव्हतं.

"'...तरी आमच्या एका पल्ल्याचा कोन मोजण्यापूर्वी, बाकीच्या खिडक्यांत काय काय अडकवलंय, ते समितीनं एकदा मान वर करून बघावं, ही विनंती.'"

सगळ्यांनी माना वर केल्या.

बिल्डिंग एका वयाची, आकडे एका वयाचे. सगळ्यांचेच तुटले होते. पहिल्या मजल्यावर डंबेल. दुसऱ्यावर बुटांचा जोड, शेजारी क्रिकेटची बॅट. एका खिडकीत बाळाची शी-शूची खुर्ची. आणि सेक्रेटरींच्या खिडकीत चांदीच्या रंगाचा कप, 'उत्कृष्ट सेक्रेटरी' असं कोरलेला. तो त्यांना कुणी दिला, याची चर्चा लगेच सुरू झाली.

"एकसारखेपणा!" बूटवाले म्हणाले. "आता बोला की एकसारखेपणावर!"

आरडाओरडा वाढला तसे ओळंबाकाका खुर्चीवर चढून उभे राहिले. "चौपन्न मिलिमीटर!"

सगळे त्यांच्याकडं वळले.

"जाडी सगळीकडं सारखी, कोपरे काटकोनात, शिवण पक्की, वाऱ्यानं उडत नाही. आणि प्रती," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "भरपूर आहेत. सगळ्या खिडक्यांत एकच पुस्तक लावा. दर्शनी भाग एकसारखा."

"माझी हरकत आहे!" मी उठलो. "हा वाङ्मयाचा—"

"हरकत लेखी द्या," सेक्रेटरी म्हणाले. "नमुना त्रेपन्न." माणसानं पुस्तक खरोखर वाचलं होतं.

ठराव एकमतानं मंजूर झाला. आणि त्याला पुरवणी अशी, की तीनशे चारनं आठ दिवसांत खिडकी नीट बंद होणारी करावी, नाहीतर दांडी उखडून इतरांप्रमाणे पुस्तकच लावावं. म्हणजे आता बायको नाही, सोसायटी मला खिडकीत कोंबणार होती. शिक्क्यासकट.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दार बायकोनं उघडलं. सुतार!

"वहिनी," तो घाईघाईनं म्हणाला, "साहेब यायच्या आत सांगतो. मला काम नको. मला तुमची उजवी दांडी हवी."

मी पडद्यामागून बाहेर आलो.

"साहेब, मला गिऱ्हाइकाच्या खिडकीला जोडी पाहिजे होती. दुकानात गेलो तर दोन डाव्याच शिल्लक. दुकानदार म्हणाला, एक साहेब दोन उजव्या घेऊन गेले, ते खिडकी झाले होते. मी तुमच्या दारात येतो, तुम्ही हाकलता. खालून हातवारे केले, अदलाबदल करू, अदलाबदल करू, तर तुम्ही अंगठा दाखवलात. गिऱ्हाईक माझं डोकं खातंय, साहेब."

त्यानं कागदाची गुंडाळी सोडली. आत डावी दांडी. सरळ, साधी, हवा तसा वाक. आठ दिवसांपूर्वीच ती माझ्या दारात येऊन परत गेली होती.

मी आत जाऊन पुडीतली दुसरी उजवी आणली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं डावी माझ्या हातात दिली. दोन राष्ट्रांनी कैद्यांची अदलाबदल करावी, तसा तो प्रसंग होता.

"तो गुळगुळीत स्क्रू मी काढून देऊ?" त्यानं आतल्या खिडकीकडं बघून भीत भीत विचारलं.

आम्ही दोघांनी बायकोकडं बघितलं.

"काढणं म्हणजे बसवणं नाही," न्यायाधीश म्हणाले. "चालेल."

स्क्रू त्यानं दोन मिनिटांत काढला. मग मी बसवायला लागलो, आणि तो बिचारा स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. दीड तास. अधूनमधून त्याच्या तोंडून "आई गं" एवढंच निघे. शेवटचा स्क्रू बसला. पल्ला उघडला. पहिलं भोक, दुसरं, तिसरं, चौथं, सताड. मग भोक काढलं आणि पल्ला ओढला.

खिडकी बंद झाली. आवाजसुद्धा झाला नाही. कपाटावरचं कबुतरांचं जोडपं एकमेकांकडं बघायला लागलं, त्यामुळं परत उघडून त्यांना आधी बाहेर काढावं लागलं.

 बायकोनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, पुस्तक घेतलं, अर्पणपत्रिका ओलांडली आणि पहिला नमुना काढला.

आता दिवाणाखाली झुरळसुद्धा ऐसपैस राहतं, इतकी जागा झालीय. आवृत्ती संपली. सेक्रेटरी परवा भेटले तर म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा दहा-बारा नमुने वाढवा. हॉलच्या खिडक्या मोठ्या आहेत, पुस्तक सैल पडतं."

काल ऑफिसातून आलो आणि फाटकापाशी थांबलो. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीत मी. हनुवटीवर हात, नजर दूर, ओळंबाकाकांनी स्वतः फिरून सगळीकडं सुलटा लावलेला. जोराचा वारा आला, पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये एक पल्ला आपटला नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत पुस्तक नव्हतं. तिथं डावी दांडी होती, आणि दांडीमागं बायको खाली मान घालून बसली होती.

"अगं!" मी खालून हाक मारली. "किल्ली विसरलोय. दार उघडतेस का?"

तिनं मान वर केली नाही. नुसता एक हात खिडकीबाहेर काढून थांबायची खूण केली.

"थांबा हो जरा! सत्त्याण्णवावा चाललाय!"

मी तीन जिने चढलो आणि आमच्या बंद दारासमोर पायरीवर बसलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आत येऊन बसा. मी म्हटलं, नको, इथंच बरं आहे. माझ्या पुस्तकापायी कुणीतरी मला ताटकळत ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.